हवामान बदलाला तोंड देताना तंत्रज्ञान उद्योग काय करतो? पहूर आणि खानदेशाचे उदाहरण

पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन भागांत ते वसलेले आहे. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग येथून जातो आणि अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन आलेली वाघूर नदी येथून पुढे तापीकडे जाते. परिसरात कपाशी, मका आणि पाण्याची सोय असेल तेथे केळी अशी पिके घेतली जातात.

हवामान बदल आणि तंत्रज्ञान उद्योग असे म्हटले की डोळ्यांसमोर विजेवर चालणाऱ्या मोटारी, मोठमोठ्या संगणक कंपन्या आणि जागतिक परिषदा येतात. मात्र हा उद्योग नेमके काय करू शकतो आणि त्याचे हात कोठे तोकडे पडतात, हे पाहण्यासाठी खानदेश हा चांगला प्रदेश आहे. ठिबक सिंचन, ऊतीसंवर्धित रोपे, स्वयंचलित हवामान केंद्रे, पवनचक्क्या, सौर पंप आणि कोळशावरचे वीजकेंद्र हे सगळे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतच पाहायला मिळते.

थोडक्यात

- तंत्रज्ञान उद्योग हवामान बदलाच्या बाबतीत मुख्यतः तीन कामे करतो : हवामान मोजणे, पाणी व ऊर्जा वाचवणे आणि कमी प्रदूषणाची वीज तयार करणे.
- या तिन्ही कामांची ठळक उदाहरणे खानदेशात आहेत.
- यंत्र शेतात पोहोचले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. वाचलेले पाणी कोण वापरणार, नोंद कोठे घेतली जाणार आणि प्रकल्पाला जमीन कोणाची जाणार, हे यंत्र ठरवत नाही.
- संगणक आणि माहिती केंद्रांचा उद्योग स्वतःही मोठ्या प्रमाणावर वीज वापरतो.

धोका नेमका कोणता?

खानदेशाला कडक उन्हाळा नवा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे लोकांच्या सवयीचे आहे. अलीकडे चिंता वाढली आहे ती हवामानाच्या बेभरवशी वागण्याची. पावसाचे दिवस विखुरतात, मोठे खंड पडतात आणि मग थोड्या वेळात फार पाऊस होतो. यामागचे एक भौतिक कारण सोपे आहे. हवेचे तापमान १ अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो जोरात पडण्याची शक्यता वाढते.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नड घाट परिसरात एका रात्रीत झालेल्या अतिवृष्टीने खाली चाळीसगाव तालुक्यात पूर आला आणि घाटात दरडी कोसळल्या. अशी एखादी घटना पूर्णपणे हवामान बदलामुळेच घडली असे सांगण्यासाठी स्वतंत्र अभ्यास लागतो. पण डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत पायथ्याच्या गावात शिरतो, हा धडा पहूरसारख्या डोंगराखालच्या नदीकाठच्या गावांनाही लागू आहे.

केळीचे पीक तर दोन्ही टोकांना नाजूक. कडाक्याच्या थंडीत वाढ थांबते, पाने पिवळी पडतात. याला शेतकरी ‘चरका बसला’ असे म्हणतात. उन्हाळ्यात गरम वाऱ्याने पाने फाटतात, घड सटकतात. मे-जूनच्या वादळात निसवलेल्या बागा काही मिनिटांत आडव्या होतात. जूनच्या सुमारास लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली कांदेबाग यांना वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा फटका बसतो.

ठिबक : शेजारच्या गावातून सुरू झालेला उद्योग

आधुनिक ठिबक सिंचनाचा व्यापारी प्रसार इस्राएलमधून झाला. तेथील अभियंता सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर आधारलेली नेटाफिम ही कंपनी १९६५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवण्यात मोठा वाटा ज्यांचा, ते भवरलाल जैन (१९३७–२०१६) पहूरजवळच्या वाकोदचे. १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून त्यांनी व्यवसाय सुरू केला. पुढे पपईच्या चिकापासून पपेन, मग पीव्हीसी पाइप आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक संच असा त्याचा विस्तार झाला. जळगावातील जैन इरिगेशन ही कंपनी जगातल्या मोठ्या सूक्ष्म सिंचन कंपन्यांत गणली जाऊ लागली.

ठिबकचे तत्त्व साधे आहे. पाणी पाटाने किंवा सरीने न सोडता नळीतून थेट मुळाशी थेंबाथेंबाने द्यायचे. मोकाट पद्धतीत दिलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मे किंवा त्याहून कमी पाणी पिकाच्या उपयोगी पडते, बाकीचे वाफ होऊन, झिरपून किंवा वाहून जाते. ठिबकमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. पंप कमी वेळ चालतो, म्हणून वीजही वाचते.

हवामानाच्या दृष्टीने आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. ठिबकच्या नळीतूनच विरघळणारी खते थोडी थोडी देता येतात. जमिनीत गरजेपेक्षा जास्त नत्र पडले की त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. खताचा नेमका हप्ता दिला तर हे उत्सर्जन कमी होते.

ठिबकच्या जोडीला १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीची ऊतीसंवर्धित केळीरोपे आली. प्रयोगशाळेत वाढवलेली ही रोपे एकसारखी येतात. पारंपरिक कंदाच्या लागवडीला काढणीपर्यंत साधारण १६ ते १८ महिने लागत, ते ११ ते १२ महिन्यांवर आले. पीक शेतात जितके कमी दिवस, तितका त्याला वादळ-गारपिटीचा धोकाही कमी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागच्या गुणवत्तेत या दोन तंत्रांचा हात आहे.

वाचलेले पाणी जाते कुठे?

ठिबकवर पूर्ण वाढलेल्या केळीच्या एका झाडाला ऐन उन्हाळ्यात दिवसाला २० लिटरपर्यंत पाणी द्यावे लागते. दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे एका हेक्टरला दिवसाकाठी सुमारे ८९ हजार लिटर पाणी लागते. हा हिशेब पाणी वाचवणाऱ्या पद्धतीचा आहे.

पूर्वी जेवढ्या विहिरीच्या पाण्यात एक एकर केळी होत असे, तेवढ्यात ठिबकवर दोन एकर होऊ लागली, तर बहुतेक शेतकरी दोन एकर लावतात. त्यात त्यांचे चुकत नाही, त्यांच्या घराचे उत्पन्न त्यानेच वाढते. पण जमिनीतून उपसले जाणारे एकूण पाणी तेवढेच राहते. शिवाय मोकाट पाण्यातून जो भाग झिरपून पुन्हा विहिरींना मिळत असे, तोही आता कमी मिळतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे केळीचे तालुके ठिबकखाली मोठे क्षेत्र असूनही भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित गटात नोंदवले गेले आहेत.

कपाशीतही असाच पेच आहे. ठिबकमुळे मे महिन्याच्या अखेरीस पूर्वहंगामी कपाशी लावता येते आणि ती पावसाच्या खंडातही तग धरते. पण लवकर लावलेल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळते, म्हणून कृषी विभाग जूनपूर्वी लागवड टाळण्याचा सल्ला देतो. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला वाट करून देतो.

पाण्याचा हिशेब गावाने मांडला तर?

ठिबकमुळे एका शेताचे पाणी वाचते, पण भूजल गावाचे असते. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. ‘पोकरा’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवला गेला. पहिल्या टप्प्यात मराठवाडा व विदर्भातील जिल्ह्यांबरोबर जळगाव जिल्ह्याचाही समावेश होता.

त्यासाठी आयआयटी मुंबईच्या मदतीने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची संगणकीय पद्धत तयार करण्यात आली. गावात पाऊस किती पडला, माती कोणती, उतार किती, कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, यावरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले आणि पिकांना किती कमी पडले याचा अंदाज काढला जातो. शेतात किती पाणी आहे याऐवजी गावात किती पाणी आहे आणि त्यात कोणती पिके बसतात, असा प्रश्न त्यातून पुढे येतो. मात्र ताळेबंदात तूट दिसली म्हणून कोणाला केळी लावण्यापासून अडवता येत नाही. त्यावरचा निर्णय गावाने एकत्र बसूनच घ्यावा लागतो.

हवामान केंद्र आणि केळीचा विमा

महाराष्ट्र शासनाने ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट या खासगी हवामान कंपनीच्या भागीदारीने प्रत्येक महसूल मंडळात एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. जामनेर तालुक्यातील पहूर हे असेच एक मंडळ. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद ही केंद्रे आपोआप घेतात आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतात.

या आकड्यांवर शेतकऱ्याचे पैसे अवलंबून असतात. फळपिकांसाठीची हवामान आधारित विमा योजना पिकाचे नुकसान पाहत नाही, हवामानाची नोंद पाहते. केळीसाठी थंडी, उष्णता आणि वेगवान वारा यांचे उंबरठे ठरलेले असतात. उदाहरणार्थ, थंडीत किमान तापमान सलग काही दिवस ८ अंशांच्या खाली राहिले किंवा उन्हाळ्यात कमाल तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशांवर गेले, तर त्या मंडळातील विमाधारकांना भरपाई देय होते. गारपिटीसाठी वेगळी व्यवस्था असते.

या पद्धतीचा फायदा म्हणजे प्रत्येक बागेचा पंचनामा करावा लागत नाही आणि कोणाच्या ओळखीने आकडा बदलत नाही. तोटाही त्यातूनच येतो. एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र एकच. नदीकाठच्या खोलगट शिवारात रात्रीची थंड हवा साठते, तेथे पारा उंचावरच्या शिवारापेक्षा खाली जातो. वादळाचा पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. केंद्रावर तापमान ८.३ अंश नोंदले गेले आणि ओढ्याकाठच्या बागेत ७.५ अंश असेल, तर चरका बसतो पण भरपाई मिळत नाही. उलटही घडू शकते.

त्यामुळे यंत्र कोठे बसवले आहे याला फार महत्त्व येते. वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय संकेत मोकळ्या जागेत १० मीटर उंचीचा आहे. झाड, भिंत किंवा पत्र्याचे छप्पर जवळ असेल तर वारा कमी आणि तापमान जास्त नोंदले जाते. केंद्राची नियमित तपासणी आणि आकडे सर्वांना पाहता येणे, या दोन गोष्टींवर विम्याचा विश्वास टिकतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ या नावाने ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक आणि तालुका पातळीवर अधिक केंद्रे उभारण्याची योजना आणली. केंद्रे जितकी दाट, तितकी ही तफावत कमी होईल.

वीज : साक्रीचा वारा, दीपनगरचा कोळसा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे पठार वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. ब्राह्मणवेल परिसरात सुमारे ५०० मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या उभारणीत पुण्याच्या सुझलॉन कंपनीचा मोठा सहभाग होता. ही कंपनी तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केली. आपल्या कापड व्यवसायाचे वीजबिल परवडेना, म्हणून त्यांनी आधी स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि मग तोच व्यवसाय केला. साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला.

दुसरीकडे, भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे ५०० मेगावॉटचे दोन संच चालतात आणि ६६० मेगावॉटचा नवा संचही उभारण्यात आला आहे. देशाचे चित्र याच मिश्रणाचे आहे. २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांच्याबाहेरची झाली. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांहून जास्त आहे. सौर पटल रात्री आणि पवनचक्की वारा नसताना थांबते, म्हणून क्षमता आणि निर्मिती यांत हे अंतर पडते. साठवणुकीच्या बॅटऱ्या व उदंचन जलविद्युत प्रकल्प हे अंतर कमी करण्यासाठी लागतात.

शेतीसाठी सौर ऊर्जेचा खास उपयोग आहे, कारण सिंचन दिवसा करता येते. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाताना साप, रानडुक्कर आणि अजिंठ्याच्या डोंगरालगत बिबट्या यांची धास्ती असते. सौर पंपाने ही पाळी टळते. पीएम-कुसुम ही केंद्राची योजना २०१९ मध्ये आली. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. जमिनीच्या प्रमाणात ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. येथेही ठिबकसारखाच धोका आहे. ऊन फुकट असल्याने पंप बंद करण्याचे आर्थिक कारण उरत नाही आणि भूजलाचा उपसा वाढू शकतो.

जमीन कोणाची?

स्वच्छ विजेलाही जागा लागते. सौर प्रकल्पाला १ मेगावॉटमागे साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. धुळे जिल्ह्याने याची किंमत पाहिली आहे. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी दिलेल्या वनजमिनींवरून आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलने केली. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीज प्रकल्पासाठी संपादित जमिनीचा मोबदला अपुरा मिळाल्याची तक्रार करणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

जमीन कायमची घेण्याऐवजी भाड्याने घेणे हा दुसरा मार्ग आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या जमिनीसाठी वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. यात सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. पटले तीच, वीज तीच, पण गावाचा अनुभव अगदी वेगळा.

संगणक उद्योगाचा स्वतःचा भार

हवामानाचा अंदाज, विम्याचा आकडा आणि पाण्याचा ताळेबंद हे सगळे कोठेतरी संगणकावर चालते. हे संगणक माहिती केंद्रांत, म्हणजे डेटा सेंटरमध्ये असतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील माहिती केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या ही साधारण दीड टक्का आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होऊन ९४५ अब्ज युनिटांवर जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. देशातील माहिती केंद्रांची सर्वाधिक गर्दी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. त्यांना चोवीस तास अखंड वीज लागते आणि ती अजून बऱ्याच अंशी कोळशाचीच असते.

याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्ता शेतात आणण्याचे प्रयत्नही चालू आहेत. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसावर असा प्रयोग केला. जमिनीतील संवेदक, उपग्रह छायाचित्रे आणि हवामान यांवरून पाणी व खताचा सल्ला मोबाइलवर दिला जातो. राज्य सरकारने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. असा सल्ला उपयोगी पडायचा तर त्याच्या मुळाशी गावातील नोंदी अचूक असाव्या लागतात. चुकीच्या जागी बसवलेल्या केंद्राचा आकडा कितीही प्रगत संगणकात घातला तरी सल्ला चुकीचाच येतो.

मग उद्योगाकडून काय अपेक्षा ठेवता येते?

खानदेशाच्या अनुभवातून काही मुद्दे पुढे येतात.

- उपकरण विकल्यानंतर त्याची देखभाल जवळपास मिळाली पाहिजे. गाळणी तुंबलेला ठिबक संच किंवा वादळात पटले उडालेला सौर पंप कोणाचेच उत्सर्जन कमी करत नाही.
- हवामान केंद्रांचे आकडे शेतकऱ्याला त्याच दिवशी, मराठीत आणि विनामूल्य दिसले पाहिजेत.
- पाणी वाचवणाऱ्या साधनांच्या अनुदानाबरोबर गावाच्या एकूण उपशाचाही हिशेब ठेवला पाहिजे.
- प्रकल्पाची जमीन घेताना भाडे, मोबदला आणि वनहक्क यांचा निकाल आधी लागला पाहिजे.
- माहिती केंद्रांनी आपल्या वीज व पाणीवापराचे आकडे जाहीर केले पाहिजेत.

यांतील पहिले दोन आणि शेवटचे काम कंपन्या स्वतः करू शकतात. मधली दोन कामे ग्रामसभा, शासन आणि कायदा यांची आहेत. वाघूरच्या काठावरचा शेतकरी ठिबकची चावी फिरवतो तेव्हा त्याच्या हातात जगातले उत्तम तंत्र असते. पण त्याच्या शेजारच्या विहिरीला पुढच्या मे महिन्यात पाणी असेल का, हे पहूरच्या शिवारातले सगळे मिळून किती उपसतात यावर ठरते.